डाव्या अंगाला

८ सप्टेंबर, सोमवार

हवामान ढगाळ, अधूनमधून सर.

कृषी खात्यात असताना रोज दौऱ्याची दैनंदिनी लिहावी लागायची आणि तिची सुरुवात हवामानानं करायची. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी खोड गेली नाही. एरवी माझं दोन ओळींत भागतं. आज सविस्तर लिहिणार, कारण आज माझ्या माघारी माझी गाडी विकली.

सकाळी हर्सूलच्या नाक्यावर केस कापायला गेलो होतो. परत आलो तर अंगणात गाडीच्या जागी तेलाचे डाग. थोरला गोकुळ खाली बघत म्हणाला, “नाना, इंजिनचं काम निघालं होतं. गॅरेजवाला म्हणला, आता हिच्यात दम नाय. गिऱ्हाईक आलं, देऊन टाकली.”

परवापर्यंत मी तीच गाडी चालवत होतो. डाव्या दारावर एक ओरखडा सोडला तर तिला काही झालेलं नव्हतं. तो ओरखडाही गेल्या बुधवारी फाटकातून बाहेर पडताना लागला. आमचं लोखंडी फाटक वाऱ्यानं येऊन दारावर धाडकन आपटतं. तेवढ्यानं इंजिन जातं का?

गाडीचे कागद गोकुळच्या नावावर, म्हणून त्याला हे जमलं. चावी मात्र अजून माझ्या खिशात आहे. दुसरी भागूच्या कपाटात असते, म्हणजे बायकोही सामील. आमच्यात चावी घरातल्या थोरल्याकडं असते. वडील होते तोवर बैलगाडीचा कासरा त्यांच्याच हातात असायचा, मी कधी शिवलो नाही. माझ्या पोरांनीही चावी मागितली नाही. गोकुळची बायको मंजुषा माहेरी गाडी चालवायची, परवाना आहे तिच्याकडं, पण या घरात तिनं कधी विषय काढला नाही. असं वळण असलेल्या घरात बापाला चावी मागायची छाती नाही आणि गाडी विकायची आहे.

आधीच घराला नजर लागल्यासारखं झालंय. त्याच बुधवारी धाकट्या सुदर्शनची लेक तनुजा सायकलवरून पडली आणि नडगीचं हाड मोडलं. मी तेव्हा शहागंजात सामान आणायला गेलो होतो. परतलो तर घराला कुलूप, सगळे दवाखान्यात. नऊ वर्षांचं लेकरू पायाला प्लास्टर घालून पडलंय. सायकलचं चाक असं वाकडं झालं होतं की ती सरळ भंगारात दिली. पोरं सायकल चालवतात का विमान, कळत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. थांबायचं नाव नाही.

बारा माणसांचं घर आणि दारात गाडी नाही, म्हणजे काय होतं ते चार दिवसांत दिसलं. गोकुळ कंपनीची बस पकडायला अंधारात निघतो. मंजुषा शाळेत शिकवते, ती दोन रिक्षा बदलून जाते आणि पदर पिळत घरी येते. सुदर्शन स्कूटरवर पुढं एक, मागं एक अशी पोरं कोंबतो. माझा भाऊ कारभारी आणि त्याची बायको आमच्यातच राहतात. तिचे गुडघे गेलेले, तिला काल रिक्षात चढवायला दोघं लागले. फुलंब्रीच्या शेतातून ज्वारीची पोती आणायची आहेत, ती तिथंच पडून आहेत.

गंमत म्हणजे कोणी कुरकुर करत नाही. मी मुद्दाम मंजुषाला विचारलं, “भिजलीस ना?” तर म्हणे, “बरं वाटतं नाना, चालणं होतं तेवढंच.” चालणं! परवापर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानात जायला हिला गाडी लागायची.

आमच्या घरी आलेला पाहुणा कधी स्वतःच्या पायानं परत गेलेला नाही. मी त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवायचो, मग तो कन्नडचा असो की पैठणचा. आज कारभारीचे व्याही आले होते. जाताना चपला घालून माझ्याकडं बघत उभे राहिले. मी खिशात हात घातला, चावी हाताला लागली, आणि त्यांना रिक्षा बघून दिली. अशी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

१७ सप्टेंबर, बुधवार

उघडीप.

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदनाला मी वडिलांच्या माघारी दरवर्षी जातो. यंदा बसनं गेलो. भागू म्हणाली, “मी बी येते.” पन्नास वर्षांच्या संसारात हिला झेंडावंदन आठवलं नव्हतं.

आणि रस्त्यानं माझा दंड धरून चालली, तोही डावा. मी उजव्या हाताला ये म्हणालो तर ऐकेना. लग्नानंतर ही चार पावलं मागं चालायची, आता म्हातारपणी हातात हात घालायची हौस आली. क्रांती चौकात लोक बघत होते. मी म्हणालो, “अगं, सोड की.” तर म्हणाली, “राहू द्या. मला रस्त्याची भीती वाटती.”

तिचंही खरं आहे म्हणा. या शहरात दुचाकीवाल्यांना ताळतंत्र उरलेलं नाही. पूर्वी गाडी लांबून येताना दिसायची, आता एकदम बाजूला उगवते. आजही एक जण माझ्या कोपराला घासून गेला, वर मलाच म्हणतो, “ओ चाचा, दिखता नहीं क्या!” भागूनं मला मागं ओढलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मुसळधार. नद्यांना पूर आल्याच्या बातम्या.

या घराची शिस्त पार गेली. आज ताटात चटणी उजवीकडं! मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही डाव्या बाजूची मंडळी. भाजी उजवीकडं. हे कोणी शिकवावं लागतं का? धाकटी सून मेघा वाढत होती. मी बोललो तर ती आत निघून गेली. भागू म्हणाली, “मीच सांगितलंय तिला. डावीकडं ठिवलं की तुम्ही खातच नाय, तसंच राहातं.” मी म्हणालो, चव नसेल म्हणून राहत असेल.

माझ्याजवळ यायच्या आधी आता सगळे खाकरतात, नाहीतर “नाना, मी आलोय” म्हणून वर्दी देतात. काय हे, मी कलेक्टर आहे का? एकटा सुदर्शन काही बोलत नाही. तो माझ्याकडं बघतही नाही. गाडी गोकुळनं विकली आणि तोंड हा फिरवतो. तनुजाही हल्ली माझ्यापाशी येत नाही. आधी ‘आबा, आबा’ करत माझ्या ताटातलं खायची. मी पलंगाशी गेलो की पुस्तक तोंडावर धरते. पोरांना घरातल्या मोठ्यांची हवा लगेच लागते.

एक गोष्ट इथं नोंदवून ठेवतो, दुसरीकडं कुठं बोललेलो नाही. जुलैत मी चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला होता, “काका, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलीय, उजव्याचीही जातेय. थेंब टाका आणि गाडी बंद करा.” पोरगेला डॉक्टर. मी त्याला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली, तीही न अडखळता. पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो. नजर गेली असती तर मला नसतं कळलं? थेंबांनी डोळे चुरचुरतात म्हणून आठवड्यात बंद केले. घरी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

परवा समजलं की गोकुळ त्याच डॉक्टरकडं जाऊन आला. बापाची चौकशी करायला पोरगा परस्पर जातो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

स्वच्छ ऊन.

दरवर्षी खंडेनवमीला मी स्वतः गाडी धुवायचो, झेंडूची माळ घालायचो, चाकाखाली लिंबं ठेवायचो. दसऱ्याला सगळं घर गाडीत बसून कर्णपुऱ्याच्या देवीला जायचं. आठ जणांच्या जागेत बारा जण, पोरं एकमेकांच्या मांडीवर, आणि त्या गोंगाटात मी पुढं बसून सगळ्यांना दटावायचो. वर्षात तेवढा एक दिवस मला माझं घर एकत्र दिसायचं.

काल पाटावर विळा, कात्री, मंजुषाचं शिलाई मशीन आणि पोरांची पुस्तकं मांडली. मी शेजारी माझी चावी ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

आज रिक्षांनी देवीला गेलो. एक रिक्षा चुकून पंचवटी चौकाकडं गेली, दुसरी गर्दीत अडकली, देवीपुढं सगळे एका वेळी उभेच राहिले नाहीत. तनुजा आणि मेघा घरी.

संध्याकाळी गोकुळनं सोनं म्हणून आपट्याची पानं पुढं केली. इतके दिवस धरून ठेवलेलं तोंडातून गेलं. सगळ्यांदेखत म्हणालो, “ज्यानं बापाची गाडी विकली त्याचं सोनं मला नको. तुला काय वाटलं, मी मेलो?” गोकुळचा चेहरा उतरला. त्यानं पानं माझ्या पायाशी ठेवली, डोकं टेकवलं आणि उठून गेला. त्याचे डोळे भरले होते. मंजुषा काही बोलायला निघाली तर भागूनं तिचा हात दाबला.

चाळिशी उलटलेल्या पोराला सणाच्या दिवशी रडवलं. पण गाडी त्यानं विकली होती, मी नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

मी गाडी घेतोय.

खात्यातला माझा जुना सोबती फकिरा त्याची राखाडी गाडी विकायला काढतोय. तो पुण्याला लेकाकडं चाललाय. माझ्या पेन्शनीतून जमतं. कोणाला विचारणार नाही, मलाही कोणी विचारलं नव्हतं. पाडव्याला सकाळी गाडी दारात आणायला सांगितलीय. तीच घेऊन सोयगावला जाईन आणि दीपमालाला भाऊबिजेला माहेरी आणीन. लेक लग्न होऊन गेल्यापासून दर दिवाळीला मी स्वतः तिला आणलंय. यंदा तिचे भाऊ तिला एसटीत कोंबून आणायच्या गोष्टी करतायत.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तनुजाचं प्लास्टर काढलं. पाय काडीसारखा झालाय. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, पण थोडं लंगडेल, वर्षभरात जाईल. जाईल असं मेघानं मला दोनदा सांगितलं, मी विचारलं नसताना.

पोर भिंत धरून अंगणात आली. मी म्हणालो, “तनू, तुला एक गंमत दाखवणार आहे मी पाडव्याला.” तर वळसा घालून माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काय गंमत?” मी सांगितलं नाही. तिच्या गालावर हात ठेवला, ती हलली नाही. तेवढ्यात सुदर्शन तिला आत घेऊन गेला.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

हवामान लिहायचं सुचत नाही. तरी सगळं लिहितो.

सकाळी अभ्यंगस्नान झालं, भागूनं मला ओवाळलं, आणि फाटकाशी हॉर्न वाजला. फकिरा गाडी हार घालून घेऊन आला होता. मी सगळ्यांना बाहेर बोलावलं. सगळे आले आणि ओळीनं भिंतीशी उभे राहिले. मला वाटलं जिरली यांची. फकिराकडून चावी घेतली आणि जागेवर जाऊन बसलो. स्टिअरिंगला हात लावल्यावर डोळ्यांत पाणी आलं हेही लिहितो.

म्हणालो, “चला, कोण येतंय सोयगावला?”

कोणी हललं नाही. मग भिंत सोडून तनुजा एकटी पुढं आली. लंगडत लंगडत गाडीच्या बरोबर समोर येऊन बॉनेटला हात टेकवून उभी राहिली.

“तनू, बाजूला हो बाळा.”

“नाय होणार. बाजूला झाले की मी तुम्हाला दिसत नाय.”

मेघानं तोंडावर हात घेतला. मी हसलो, म्हणालो, हे काय शिकवलंय पोरीला! सुदर्शन पुढं आला. दीड महिन्यात तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. “नाना, उतरा खाली. तुमच्या पाया पडतो, उतरा.” मी ओरडलो की माझी गाडी आहे, माझ्या पैशाची आहे.

तेव्हा भागू पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसली. दार लावून घेतलं. म्हणाली, “समोर तनूकडं बघा. मान वळवायची नाय. माझा हात दिसला की सांगा.”

“हा काय पोरखेळ लावलाय?”

“बघा म्हणते ना.”

मी तनुजाकडं बघत राहिलो. तिचा चेहरा मला अगदी स्पष्ट दिसत होता, कपाळावरचं गंध, कानातले डूल, सगळं. मी वाट बघत होतो. शेवटी म्हणालो, “कर ना वर हात.”

भागू म्हणाली, “कवाचा वरच हाय.”

मग तिनं हात हळूहळू पुढं आणला. बांगड्या वाजत होत्या, पण हात नव्हता. तो पार काचेच्या मध्यापाशी, तनुजाच्या तोंडावर आला तेव्हा मला दिसला, एकदम, त्या दुचाकीवाल्यांसारखा.

मला फाटक आपटल्याचा तो आवाज आठवला. मी विचारलं, “त्या बुधवारी ते फाटक नव्हतं?”

“नव्हतं,” भागू म्हणाली.

मी पोरीला उडवलं आणि थांबलोही नाही. शहागंजात जाऊन चांगली सुपारी निवडत बसलो. मी उतरलो तेव्हा गोकुळनं धरलं. मी त्याला म्हणालो, “मला सांगितलं का नाही रे?” तर तो म्हणाला, “आई म्हणली, त्यांना कळलं तर ते अन्न सोडतील. अन् चावी कशी मागायची नाना तुमच्याकडं? तुमच्या खिशात हात घालायचा का मी? मग गाडीच काढली.” दसऱ्याला मी त्याला जे बोललो ते त्यानं हे सगळं पोटात ठेवून ऐकून घेतलं होतं. घरची माणसं पावसात भिजली, गुडघे धरून रिक्षात चढली, आणि मी त्यांना हिशेब विचारत होतो.

जुलैतल्या डॉक्टरचं मी त्यांना तिथंच, अंगणात उभं राहून सांगितलं. गोकुळला ते डॉक्टरकडून कळलं असणार, बाकीच्यांना वाटत होतं की मला माहीत नव्हतं. सुदर्शन ऐकून आत निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर बापावर हात उचलला असता.

फकिरा गाडी परत घेऊन गेला. दीपमालाला आणायला गोकुळ एसटीनं गेला. रात्री मी ताटावर बसलो, पण घास उतरला नाही. भागूनं डोळ्यांत थेंब टाकले. ती म्हणाली, गेलेलं येत नाय म्हणे, राहिलेलं राहातं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दीपमाला रात्री उशिरा पोचली. तिनं भावांना ओवाळलं. सुदर्शन माझ्या शेजारी पाटावर बसला, बोलला नाही. मीही त्याला माफ कर म्हणालो नाही. तेवढं मागायचा मला हक्क नाही.

दुपारी तनुजा ओसरीवर पणत्यांतलं तेल पुसत बसली होती. मी तिच्या समोर जाऊन बसलो. काल सगळे माझ्याशी बोलले, पण पोरीला कोणी काही विचारलं नव्हतं. तिच्याशी खोटं बोलू नये एवढं मला कळलं.

मी म्हणालो, “तनू, तुझा पाय माझ्या गाडीनं मोडला. मला कालपर्यंत माहीत नव्हतं.”

“मला माहितीय. आजी म्हणली होती, आबांना सांगायचं नाय.”

“लई दुखलं का?”

“लई.”

“मला हाक मारली होतीस?”

“मारली की. मोठ्यांदा मारली. तुमच्या काचा वर होत्या.” तिनं एक पणती पुसून बाजूला ठेवली. “आजीनं तुमच्या डोळ्यांचं लई उशिरा सांगितलं. तोवर मला वाटायचं, सायकल फाटकात लावली म्हणून तुम्ही रागावले. म्हणून नाय थांबले.”

माझा जीव वाचावा म्हणून घरानं तोंड बंद ठेवलं, आणि हे लेकरू आबा रागावलेत असं समजून प्लास्टरमध्ये पडून होतं. पुस्तक तोंडावर धरत होतं ते त्यासाठी. मी रडलो, तिच्यासमोर, हुंदके देऊन. म्हणालो, “नाही गं बाई, रागावलो नव्हतो. तू मला दिसलीच नाहीस.”

तिनं तेलकट हात फ्रॉकला पुसले, उठली आणि माझ्या डाव्या अंगाला येऊन टेकून बसली. ती मला दिसत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता. मी मान वळवली नाही, हात पसरून तिला चाचपलं.